जंतरीपासून दारापर्यंत अकरा पावले

मागच्या वर्षी आपल्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि चौकटीतले मानपत्र. चौकटीतला मजकूर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होते : सुपेल्याच्या लहानशा कारखान्यात चाळीस वर्षे एकहाती सोन्याची तार ओढणारे कारागीर. टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत माझी पत्नी विमल बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. तिचा उजवा हात मनगटापासून थोडा बाहेर वळलेला आहे. त्यामुळे तिच्या टाळीला आवाज येत नाही.

ते वाक्य खोटे होते. यात मंडळाचा दोष नाही. मजकूर मीच लिहून दिला होता.

या वर्षी संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या. मी आधी नकार दिला, नंतर होकार दिला. होकाराचे कारण एवढेच की, जे ज्या मंडळात चुकीचे वाचले गेले, ते त्याच मंडळाच्या अंकात दुरुस्त व्हावे. हा लेख म्हणजे ती दुरुस्ती आहे. धंद्याची जी माहिती पुढे येईल, ती दुरुस्ती समजावी म्हणून येईल.

तार कशी होते, हे आजच्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. सोने मुशीत वितळवायचे, त्यात चिमूटभर टाकणखार टाकायचा आणि लोखंडी पन्हळीत ओतायचे. करंगळीएवढी कांडी मिळते. ती ऐरणीवर ठोकून, रोलरमधून काढून तिची सळई करायची. येथवर काम एका माणसाचे आहे. पुढचे दोघांचे.

जंतरी म्हणजे पोलादाची जाड पट्टी. तिला ओळीने भोके असतात. पहिले मोठे, त्यानंतरचे प्रत्येक किंचित लहान. सळईचे टोक कानशीने घासून टोकदार करायचे, भोकातून पलीकडे काढायचे, सांडशीत धरायचे आणि ओढायचे. सळई पलीकडे निघते ती थोडी बारीक आणि थोडी लांब होऊन. मग पुढचे भोक. मग त्याच्या पुढचे. काहीही कापले जात नाही. जेवढी जाडी जाते, तेवढी लांबी येते. लहानपणी दुर्गला काकांच्या हाताखाली हे प्रथम पाहिले, तेव्हा मला ते लबाडीसारखे वाटले होते. पुष्कळ वर्षे ओढल्यावरही ते वाटणे पूर्ण गेले नाही.

तीन-चार भोकांनंतर सोने कडक होते. तेव्हा तारेचे वेटोळे करून ते मंद लाल होईपर्यंत तापवायचे आणि थंड करायचे. याला ताव देणे म्हणतात. ताव मिळाला की तार पुन्हा मऊ होते. नाही मिळाला तर तुटते. केव्हा द्यायचा, याचा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. प्रत्येक सोने वेगळे असते. जुन्या दागिन्याचे सोने सर्वांत अविश्वासू, कारण त्यात आधीच्या सोनारांनी दिलेली झाळ मिसळलेली असते. झाळ म्हणजे जोड देण्याचा हलका धातू. ती तारेत कोठे दडली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

जंतरीच्या अलीकडे एक माणूस बसतो. तो तारेला मेण लावतो आणि ती सरळ भोकात जाऊ देतो. पलीकडचा माणूस ओढतो. त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला कडी, कडीत सांडशी. जंतरीकडे तोंड करून, अंगाचा भार मागे टाकून तो उलट्या पावलांनी चालत जातो. अलीकडच्याला कारागीर म्हणतात. पलीकडच्याला काही म्हणत नाहीत. आमच्या नात्यातल्या सर्व घरांत पलीकडे घरची बाई असे. काकांकडे काकू होती. माझ्याकडे विमल होती. बावीस वर्षे.

दुर्गजवळच्या सुपेल्याची ती जागा दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत माझी बैठक आणि गिऱ्हाइकांचा बाक. मधल्या दाराच्या चौकटीत लाकडी खुंट रोवून त्यात जंतरी बसवलेली. तिच्या पलीकडे पडदा. गिऱ्हाइकाला एवढेच दिसे की मी बसलो आहे आणि तार माझ्या हातातून निघून पडद्यात शिरते आहे. मागच्या खोलीत शहाबादी फरशी होती. विमल मागे चालू लागली की तिची जोडवी फरशीवर वाजत. जंतरीपासून मागच्या दारापर्यंत अकरा पावले. अकरावे वाजून तार थांबली की मी ती धरून ठेवत असे. ती पुढे येई, सांडशी नव्याने लावी आणि पुन्हा मागे जाई. मी तिच्याकडे पाहत नसे. मी मोजत असे. तारेची लांबी मी गजाने कधी मोजली नाही, पावलांनीच मोजली, आणि ती चुकली नाही असे मी लोकांना सांगत आलो.

विमल गोंदियाची. तिचे वडील रेल्वेत होते. लग्नानंतर आठव्या दिवशी मी तिच्या हाती पट्टा दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"हे मी बांधू? मी काय बैल हाओ का?"

"काकूसुद्धा बांधायची."

"बैलाले बी तोंड पुढं करून चालू देते लोक," ती म्हणाली आणि पट्टा बांधला.

मी म्हणालो, "ओढ."

तिसऱ्या महिन्यात ती पडद्याआडून म्हणाली, "थांबा. कडक लागून राहिली." माझ्या हिशेबाने अजून एक भोक निघायला हवे होते. मी तिला खोटे पाडण्यासाठी तारेचे टोक वाकवून पाहिले. ते मोडले. त्यानंतर ती थांबा म्हणाली की मी थांबत असे. अलीकडे बसणाऱ्याला तार फक्त दिसते. ओढणाऱ्याला ती कमरेत कळते. विमल म्हणे की, तार कडक होऊ लागली की पट्ट्यातून मुंग्या आल्यासारखे होते. ती थांबा म्हणाली आणि थांबायची गरज नव्हती, असे मला आठवत नाही. माझ्या दुकानाची तार तुटत नाही, असे बाजारात म्हणत. मी ते ऐकून घेत असे.

दोन गिऱ्हाइके सांगतो. तिसऱ्याचे पुढे येईल.

मरोद्याच्या पलीकडच्या एका गावाहून एक म्हातारी आली. चांदीची ऐंठी करून हवी होती. ऐंठी म्हणजे तारा पिळून केलेले हातातले कडे. छत्तीसगढी बायकांत त्याचा मान मोठा. बाकावर बसण्याऐवजी ती खाली जमिनीवर बसली. मी तार देत होतो, ती पाहत होती. मग म्हणाली, "सोनार, तोर तार कोन खींचथे गा?"

मी म्हणालो, "मैं ही खींचता हूँ, दाई."

"त तोर पांव मा बिछिया कब ले आ गे?"

तुझ्या पायांत जोडवी कधीपासून आली, असे ती विचारत होती. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. बाकावर बसणाऱ्याला पाय दिसत नसत. जमिनीवर बसणारीला दिसले. पडद्यामागे विमल मोठ्याने हसली. दुकानात गिऱ्हाईक असताना ती हसल्याचा तो बहुधा एकच प्रसंग. मी तार धरून पुढच्या पावलाची वाट पाहू लागलो.

ऐंठी तयार झाली त्या दिवशी म्हातारीने ती हातात घेतली नाही. "जेन खींचे हे, ओला बला," म्हणाली. ओढणारीला बोलाव. विमल बाहेर आली. म्हातारीने आधी ऐंठी तिच्या मनगटात घातली, उजव्या मनगटात, हात वळवून पाहिला, मग काढून स्वतःच्या हातात घातली. त्यांच्यात तशी काही रीत आहे की ती रीत तिची एकटीचीच होती, हे मी विचारले नाही. ती गेल्यावर मी पडदा सोडवून खाली जमिनीपर्यंत वाढवून घेतला. शिवण विमलनेच घातली.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे पाटणकर. पोलादाच्या प्लांटमधल्या तारेच्या मिलमध्ये ऑपरेटर होते, प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरात राहत. त्यांच्या मिलमध्ये लाल तापलेले पोलाद एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने तारेची भेंडोळी पडतात. त्यांना माझे काम पोरखेळ वाटे, पण पत्नीच्या गळ्यातल्या गाठल्याची तार करून घ्यायला ते आले तेव्हा खिशात मायक्रोमीटर घेऊन आले. तार तीन ठिकाणी मोजली. मग अगदी टोकाजवळ चौथ्यांदा मोजली.

"आमच्याकडे असं रोज येत नाही," ते म्हणाले. "हात आहे बुवा तुम्हाला."

मी मान हलवली. पडद्यामागे एक जोडवे एकदा वाजले.

मग पाटणकरांनी जंतरी, पट्टा, सांडशी हे सर्व निरखून पाहिले आणि विचारले, "आमच्याकडे मशीनजवळ जो उभा असतो, त्याच्या हाताशी मिल थांबवायचं बटण असतं. साहेब असो की हेल्पर. धोका ज्याला, बटण त्याच्याजवळ. तुमच्याकडे ते कुठं आहे?"

मी म्हणालो, "पडद्यामागे आहे. ते बोलतं."

ते हसले. मीही हसलो. तेव्हा ते खरे होते.

आता तिसरे गिऱ्हाईक. छत्तीसगढ हे नवे राज्य झाल्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. वानखेडे रेल्वेत गार्ड होते, दुर्गला राहत, मूळचे नागपूरकडचे. मुलीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाला होता आणि होणाऱ्या जावयाच्या बोटात वेढे घालायचे होते. वेढे म्हणजे सोन्याच्या तारेचे तीन-चार फेरे देऊन केलेली अंगठी. सोने त्यांच्या आईच्या पाटलीचे होते. पाटली आतल्या अंगाने अनेकदा डाग देऊन जोडलेली होती. तिच्यात झाळ भरपूर असणार, हे मला पाहताच कळले. असे सोने आधी शुद्ध करून घ्यायला हवे. त्याला दिवस लागतो. त्यांची गाडी दुपारची होती. वास्तविक मी नाही म्हणायला हवे होते. मी म्हणालो, होईल.

ते बाकावर घड्याळ बघत बसले. माणूस बोलका होता. "रोज मी झेंडी दाखोतो तवा गाडी निघते, दादा. आज दुसरा दाखोन. तो काय माह्यासाठी थांबते?"

पहिली तीन भोके नीट गेली. एक ताव दिला. चौथे भोक गेले. पाचव्याला अर्धी तार निघाली असता विमल पडद्याआडून म्हणाली, "थांबा. कडक लागून राहिली."

वानखेड्यांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांना गंमत वाटली. "हां," ते म्हणाले, "घरात सिग्नल कोन देते, ते समजलं मले."

त्यात वाईट काही नव्हते. माझ्या जागी दुसरा माणूस हसला असता.

मी म्हणालो, "ओढ."

"अवो, ताव द्या एक."

"ओढ म्हटलं ना."

पडद्यामागे क्षणभर काही हलले नाही. मग जोडवी वाजू लागली. माझ्या बोटांखालून तार जात होती आणि मी मोजत होतो. आठ. नऊ. दहा. अकरा. तार तुटल्याचा आवाज लहान असतो, वाटाण्याची शेंग फुटल्याएवढा. त्यानंतरचा आवाज लहान नव्हता.

मी पडदा बाजूला केला. विमल मागच्या दारात पडली होती. कमरेपासून वरचे अंग दाराबाहेर, परसात. उजवा हात अंगाखाली. दगडी उंबऱ्यावर तो आपटला होता. सांडशी पट्ट्याला लोंबत होती आणि तिच्यात तारेचा तुकडा तसाच घट्ट धरलेला होता.

वानखेडे माझ्या मागे येऊन उभे राहिले. "काय झालं, काय झालं वहिनीले?"

मी म्हणालो, "पाय घसरला. मेण सांडलं असेल फरशीवर."

विमलने माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "हो. मेन होतं."

फरशीवर मेण नव्हते. ती रोज सकाळी फरशी स्वतः पुसत असे. हे मी येथे प्रथमच लिहितो.

दुसरी गोष्ट लिहिणे याहून कठीण आहे. आम्ही तिला उठवून भिंतीशी बसवले. हात मांडीवर घेऊन तिने पदराने गुंडाळला. मनगट सुजू लागले होते. वानखेडे म्हणाले, "दादा, तुमी पयले वहिनीले दवाखान्यात न्या. वेढ्याचं राहू द्या. मी दुसरं काही पाहतो." ते असे दोनदा म्हणाले. मी म्हणालो, "वेळ दिली आहे. होतं." मी उरलेल्या तारेचे वेटोळे केले आणि तिला ताव दिला. नीट दिला. मग शेवटची भोके मी स्वतः सांडशीने ओढून काढली. तार लोण्यातून यावी तशी आली. वेढे वळले, घासले, उजळले. वानखेडे ते घेऊन गेले. त्यांना गाडी मिळाली. जाताना ते विमलच्या समोर हात जोडून उभे राहिले.

या सगळ्यात पाऊण तास गेला. ताव द्यायला चार मिनिटे लागतात.

हाड बसले, पण सरळ बसले नाही. उशिरामुळे की आणखी कशामुळे, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या हाताने विमलला पुन्हा सांडशी दाबता आली नाही. कणीकही पुष्कळ दिवस मळता आली नाही. आमचा मुलगा तेव्हा शिकायला बाहेरगावी होता. तो आला, तिचे भाऊ गोंदियाहून आले, शेजारी आले. उशीर का झाला, असे प्रत्येकाने विचारले. मी सांगितले की तीच म्हणाली, "पयले गिऱ्हाइकाचं करा, त्यांची गाडी हाय." हे मी एकदा सांगितले आणि मग सांगत राहिलो. लोकांना ते आवडे. अशा बायका आता राहिल्या नाहीत, असे ते म्हणत. त्यांच्यासाठी चहा घेऊन येणारी विमल हे ऐकत असे. कप ती डाव्या हाताने ठेवत असे.

ती तसे म्हणाली नव्हती. पाऊण तासात ती एक शब्दही बोलली नव्हती. मी तिच्याकडे पाठ करून काम करत होतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. मी चाकाची ओढणी विकत घेतली. हँडल फिरवले की साखळी तारेला ओढते, एका माणसाला पुरते. पहिल्या वर्षभरात माझ्या दुकानात जेवढ्या तारा तुटल्या, तेवढ्या आधीच्या बावीस वर्षांत तुटल्या नसतील. मी ओढणीला दोष दिला, मग सोन्याला दिला. बाजारात कोणीतरी म्हणाले की, सोनाराचा हात गेला. त्याचे म्हणणे बरोबर होते, फक्त हात कोणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते. त्यानंतर रायपूरहून तयार तार भेंडोळ्याने येऊ लागली. हव्या त्या जाडीची, चुकीशिवाय. मी ती घेऊ लागलो. सत्काराच्या मजकुरात जी चाळीस वर्षे लिहिली, त्यांतल्या उत्तरार्धात मी हाताने तार जवळजवळ ओढलीच नाही. हीही दुरुस्ती समजावी.

दुकान बंद केल्यावर आम्ही रिसालीला मुलाच्या घरी आलो. जंतरी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पट्टा वाळून लाकडासारखा झाला आहे. नातवंडे घरात हिंदी बोलतात. विमल त्यांच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तरे देतात. सूनबाई एकदा म्हणाली की, आईंचा हात कसा वाकडा झाला, ते तिला लग्नानंतर लगेच सांगितले गेले होते : आधी गिऱ्हाइकाचे करा म्हणाल्या म्हणून. माझे खोटे माझ्या घरात माझ्याशिवायही चालते, हे त्या दिवशी कळले. तरी मी ते दुरुस्त केले नाही. सत्काराच्या वेळी मजकूर मागितला गेला, तेव्हा एकहाती हा शब्द मी विचार न करता लिहिला. सवयीने लिहिला.

हा लेख येथवर लिहून झाल्यावर मी तो विमलला वाचून दाखवला. सकाळची वेळ होती. ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी वाचतो आहे आणि ती ऐकते आहे, असे आमच्यात पूर्वी घडलेले नाही. म्हातारीच्या बिछियापाशी ती हसली. "मरोद्याची नव्हती ते," म्हणाली, "त्याच्या बी पुढची होती." तसे मी लिहिलेच आहे, हे मी सांगितले. पडदा वाढवून घेतल्याचे आले तेव्हा ती काड्या वेगळ्या करत राहिली. वानखेड्यांचे आले तेव्हा मेथी निवडणे थांबले.

शेवटपर्यंत वाचून मी कागद खाली ठेवले. म्हणालो, "हे छापायला देणार आहे."

"द्या."

"तू तसं म्हणाली नव्हतीस. पयले गिऱ्हाइकाचं करा, असं."

"नव्हती म्हटलं." तिने एक काडी बाजूला टाकली. "तुमी विचारलं असतं तं म्हटलं बी असतं."

मी कागद गोळा करू लागलो. मग तीच म्हणाली, "अन् एक चुकलं तुमचं त्याच्यात. अकरा नाही. बारा."

"काय बारा?"

"पावलं. अकरानं तार पुरी नव्हती होत. बारावं उंबऱ्याच्या पार टाका लागे, मांगच्या मांग. बाहेर माती होती, म्हनून जोडवं वाजे नाही. तुमाले अकराच आयकू ये."

मी विचारले, "रोज?"

"हरेक वक्ती."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमची मोजनी बरोबर येऊन राहिली होती न," विमल म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली. डाव्या हाताने.

बावीस वर्षे, प्रत्येक ओढीला, ती न बघता एक उंबरा उलट्या पावलाने ओलांडत होती. मी अकरा पावलांवर बसलो होतो. त्या दिवशी ती दाराबाहेर का पडलेली सापडली, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

लेखात मी दुरुस्ती केलेली नाही. मथळाही तोच ठेवला आहे. अकरा हा आकडा चुकीचा आहे. तो माझा आहे.